उगाच फिरणाऱ्यांची बाजू

दिवाळी जवळ आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास घडतात. सोयाबीन बाजारात येते आणि त्याचा भाव उतरतो, ही एक. आणि कुणीतरी जाणता माणूस सहलीला निघालेल्या लोकांवर घसरतो, ही दुसरी. “घराजवळचे लोणार पाहायला तुम्हांला सवड नाही, आणि बँकॉकला मात्र धावता!” हे वाक्य मी शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, आणि वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर तर जवळजवळ दरवर्षी वाचले आहे. म्हणणारा बहुधा पुरुष असतो, बहुधा निवृत्त असतो, आणि त्याचे स्वतःचे लोणार पन्नास वर्षांपूर्वी, शाळेच्या सहलीत, मास्तरांच्या छडीच्या धाकाने पाहून झालेले असते. त्यानंतर तो तिकडे फिरकलेला नसतो. पण दुसऱ्याला पाठवण्याची त्याची हौस मात्र दर दिवाळीला ताजी होते.

या वाक्याला उत्तर द्यायचे, असे बरेच दिवस माझ्या मनात होते. उत्तर देण्याचा अधिकारही मला दोन्हींकडून पोचतो. माझे माहेर मेहकर तालुक्यातले. लोणार आम्हांला शेजारघर. त्याच्या काठावर मी किती वेळा उभी राहिले असेन याचा हिशेब मला ठेवता आला नाही. आणि २०२४ च्या डिसेंबरात, भिशीचे साठलेले पैसे काढून, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई बँकॉकही पाहून आलो. तेव्हा दोन्ही ठिकाणे पायांखालून घातलेली बाई म्हणून मी स्पष्टच सांगते, की हा टोमणा चुकीच्या माणसाला मारलेला आहे.

लोणारचे मोल मला कुणी शिकवायला नको. आपल्या काळ्या पाषाणाच्या पठारावर आकाशातून अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. असे बसाल्टमधले विवर जगात फार विरळा. लहानपणी आम्हांला त्याचे वय पन्नास हजार वर्षे म्हणून सांगत. अलीकडच्या अभ्यासाने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास नेऊन ठेवले. इंग्रजांच्या दप्तरात त्याची नोंद १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने केली. आमच्या पुराणांनी त्याच्या कितीतरी आधी, तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, असे सांगून दैत्यसूदनाच्या देवळाची व्यवस्था लावून ठेवलेली होती. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाने ते चित्रांत पाहिले. पुण्याच्या आघारकर संस्थेने ती मिठात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची करामत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले. हे सगळे मला पाठ आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे.

पण मला असे विचारायचे आहे, की तिथे जाऊन माणसाने करायचे काय? काठावर उभे राहायचे, “केवढे मोठे!” म्हणायचे, पोरांना कठड्यापासून मागे ओढायचे, फोटो काढायचा. दहा मिनिटांत एवढे उरकते. मग सासूबाईंचे गुडघे बोलू लागतात. आम्ही एका उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. घरची सहा माणसे, त्यांत चार बायका. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना बसायला अखेर गाडीतली गादी काढून एका बाभळीच्या विरळ सावलीत अंथरली. दुपारभर आम्हां बायकांचे अर्धे बोलणे एकाच विषयावर चालले होते: ‘सोय’ कुठे आहे? सोय म्हणजे काय, हे वाचणाऱ्या बायकांना सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. अशनीने आपले काम पाच-सहा लाख वर्षांपूर्वी चोख केले. बाक टाकायचे काम आपल्याकडे होते.

इथे कुणी असे समजू नये, की मी विवराच्या पोटात हॉटेले आणि पाळणे मागते आहे. मुळीच नाही. तिथले रान, मोर, वानरे आणि कमळजा देवीच्या देवळापाशी पोचल्यावर नाकात भरणारा तो खारट उग्र वास, हे जसे आहे तसेच राहू द्यावे. ते अभयारण्य आहे आणि अभयारण्यच असावे. मी बोलते आहे ते काठाबद्दल, गावाबद्दल, रस्त्याबद्दल. म्हणजे माणसाने जिथे टेकायचे त्या जागेबद्दल. आमच्याकडे ‘पाहायला’ पुष्कळ आहे. ‘बसायला’ काही नाही. आणि बसण्याचा प्रश्न निघाला, की आमच्या जिल्ह्यातला एक फार जुना शब्द समोर उभा राहतो: उगाच.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याच आठवड्यात चिखलीच्या बसस्थानकावर मी गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ तंबाखू मळत सांगत होते, “आता काय बाप्पा, बायका उगंच फिरतीन!” ऐकणारे हसले. मी त्या गृहस्थांकडे नीट पाहिले. त्यांच्याजवळ पिशवी नव्हती, तिकीट नव्हते, कुणाला पोचवायला आल्याची खूण नव्हती. माझी गाडी दीड तास उशिरा आली; ती आली तेव्हाही ते तिथेच होते. ते स्वतः तिथे कशासाठी बसले होते? उगाचच. पण ‘उगाच’ हा शब्द त्यांना लागत नाही. पुरुष पारावर बसतो, टपरीवर उभा राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतो. त्याला लोक नुसते ‘बसला आहे’ म्हणतात. बाई तशीच पाच मिनिटे बसली, की जाणारा-येणारा विचारतो, “काऊन वो, इथं काऊन बसल्या?” आणि तिच्यापाशी कारण तयार असावे लागते. दळण टाकले आहे. पोराची शाळा सुटायची आहे. दवाखान्यात नंबर लावला आहे. “मला बरे वाटते म्हणून बसले आहे,” असे उत्तर देणारी बाई मी आमच्या तालुक्यात अजून पाहिलेली नाही.

आमच्या आज्या-पणज्या हुशार होत्या. बाहेर पडायला कारण लागते, हे त्यांनी ओळखले आणि सर्वांत मोठ्या सहीची चिठ्ठी आणली: देवाची. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली, की कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्ही पोरी संध्याकाळी घरोघर जात असू. गाणी म्हणायची, खिरापत ओळखायची, उशिरा परतायचे. कुणाची काही म्हणायची छाती नव्हती, कारण काम पार्वतीचे होते. हरतालिकेचे जागरण, वटपौर्णिमेचा वड, कार्तिकातले आवळीभोजन, देऊळगावराजाच्या बालाजीची यात्रा, मेहकरच्या शारंगधराचे दर्शन, होळीच्या सुमारास सैलानी बाबांची यात्रा, आणि या सर्वांवर शेगाव! आमच्याकडची कितीतरी बायका-माणसे जन्मात एकच मोठा प्रवास करतात, तो शेगावचा. मी श्रद्धेची थट्टा करत नाही. गुरुवार माझाही असतो. परंतु समाधीचे दर्शन घेऊन बाहेर आल्यावर, पिठले-भाकरीचा डबा उघडून, पाय पसरून त्या बायका जेव्हा हसतात, तेव्हाचे त्यांचे चेहरे पाहावेत. दर्शनाला आल्या त्या महाराजांच्या, पण त्या घटकेला भेटल्या त्या स्वतःला. शेगावच्या संस्थानाने आनंदसागर उभारला, तेव्हा तिथे लोटलेली गर्दी याच भुकेची होती. तळे, हिरवळ, पोरांची छोटी आगगाडी. यांत अध्यात्म किती आणि ‘बसायला मिळाले’ किती, याचे प्रमाण ज्याने त्याने मनात काढावे.

तर गोष्ट अशी, की आमच्या जिल्ह्यात विरंगुळा हवा असेल तर तो देवाच्या नावाने मागावा लागतो. ज्यांना देवाची चिठ्ठी नको असते त्यांना दुसरी एक चिठ्ठी मिळते, ती कंपनीची. तिची हकीकत सांगितल्याशिवाय बँकॉकला जाता येत नाही.

बँकॉक हे नाव काढले, की आमच्याकडच्या पुरुषमंडळींच्या मिशीत एक हसू येते. ते हसू कशाचे, हे दिवाळीच्या अंकात, मुलाबाळांदेखत, सांगायची गरज नाही. बी-बियाण्याच्या, खताच्या, औषधाच्या कंपन्या आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना दरसाल अशा सहली देतात. ठरलेल्या पेट्या खपवल्या, की चार रात्री आणि पाच दिवस. सहल पुरुषांची. बायको घरी, तिला परत आल्यावर एक बाम, एक पर्स, आणि शेगावची एक फेरी. आता या सहलीचे भाडे कोण भरते? ते पेटीत मिळवलेले असते, आणि पेटी उधारीवर नेतो तो कापूसवाला, सोयाबीनवाला. ज्याने थायलंड राहू द्या, मुंबईसुद्धा आझाद मैदानापलीकडे पाहिलेली नसते. विरंगुळ्याचा खर्च एकाने द्यायचा, विरंगुळा दुसऱ्याने घ्यायचा, आणि संस्कृतीवर व्याख्यान तिसऱ्याने झोडायचे, अशी ही आमची वाटणी. लोणारचा टोमणा मारणाऱ्यांनी या सहलीवर कधी एक ओळ लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. टोमणा नेहमी भिशीचे पैसे काढून जाणाऱ्या बाईला, किंवा कर्ज काढून आईबापांना विमानात बसवणाऱ्या पोराला.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसावाचून थायलंडात जाता येऊ लागले आणि आमच्याकडच्या सहलवाल्यांचा धंदा फुलला. आमचा जथाही असाच निघाला. सोबत आपल्याकडचा आचारी होता. त्यामुळे परदेशात सहा दिवस आम्ही फोडणीची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी; आत देव-दैत्य समुद्रमंथन करीत असलेले भले मोठे शिल्प. जाऊबाई म्हणाल्या, “हे तं आपलंच आहे की!” पुढे राजवाड्याच्या आवारातल्या बुद्धाच्या देवळात ओवरीच्या भिंतींवर त्यांचे रामायण निघाले, १७८ चित्रांचे, आणि हनुमानाची शेपटी ओळखून आमच्या जथ्यातल्या एका आजोबांनी तिथेच भीमरूपी सुरू केली. वाट फोच्या देवळात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ मंगल चिन्हे काढलेली. त्या तळपायांपाशी मला बसावेसे वाटले. पण आमच्या म्होरक्याने घड्याळ दाखवले: इथे वीस मिनिटे. मग हिरे-माणकांच्या एका दुकानात आम्हांला नेले आणि तिथे मात्र अडीच तास. तिथे घड्याळ कुणी दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खरेदीचा बेत निघाला, तेव्हा आम्ही दोघींनी डोके दुखत असल्याचे सांगितले, आणि बस निघून गेल्यावर डोक्यावरून धावणाऱ्या त्या गाडीत बसून लुंफिनी नावाच्या बागेत गेलो. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. दारात राजाचा पुतळा. जाऊबाईंनी चपला काढून त्याला हात जोडले. आत तळे, मोठाली झाडे, आणि तळ्याच्या कडेला आपल्याकडच्या घोरपडीच्या तिप्पट असे घोरपडीच जातीचे प्राणी. ते पाहून आम्ही लुगडी सावरली, पण तिथल्या पोरांना त्यांचे काही नव्हते. म्हातारी माणसे बाकांवर. कचेरीतून सुटलेल्या पोरी बूट बदलून धावताहेत. एक बाई एकटी, झाडाला टेकून, काही न करता बसलेली. सहा वाजता कुठून तरी राष्ट्रगीत सुरू झाले आणि धावणारे, चालणारे, सगळे जागच्या जागी थबकले. आम्हीही उभ्या राहिलो. ते संपले तशी पुन्हा हालचाल. मग एका मोकळ्या जागेत मोठ्याने वाद्ये लागली आणि पाऊणशे-शंभर बायका, त्यांत आमच्याहून वडील अशा कितीतरी, ओळीने हातपाय हलवू लागल्या.

जाऊबाईंनी मला हळूच विचारले, “इथं देव कोणता आहे वो?”

मी म्हटले, “देव नाही, बाग आहे.”

“मंग ह्या बायका आल्या कशाले?”

“उगाच.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अंधार पडला, दिवे लागले, तरी बायका घरी जाईनात आणि त्यांना न्यायलाही कुणी येईना. शेवटी जाऊबाई एवढेच म्हणाल्या, “बरं आहे वो हे.” पस्तीस वर्षे मी त्यांना ओळखते. कामाशिवाय बसलेल्या मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

ही बाग आभाळातून पडलेली नाही. ती जमीन राजाची होती. सहाव्या रामाने १९२० नंतरच्या काळात एका मोठ्या प्रदर्शनासाठी ती दिली, आणि पुढे ती लोकांची बाग व्हावी असे ठरले. १९२५ साली तो वारला, बाग राहिली. क्षेत्र सुमारे १४० एकर, शहराच्या ऐन मध्यात, जिथल्या वावभर जागेला काय भाव येईल याचा विचारच करू नये. आत यायला तिकीट नाही. तिला नाव बुद्धाच्या जन्मस्थानाचे, म्हणजे आपल्याच शेजारच्या लुंबिनीचे. तिथून थोड्या अंतरावर सरकारी तंबाखू कारखान्याच्या जागेत २०२२ साली आणखी एक रानबाग खुली झाली. तंबाखूच्या कारखान्याची बाग! आमच्याकडे असती तर त्या जागेवर गाळे निघाले असते, आणि उद्घाटनाला नारळ आमच्याच हस्ते फुटला असता.

बँकॉक हा स्वर्ग नव्हे, हे मीही पाहिले. रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, कालव्यांना वास येतो, हॉटेलाच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्या आहेत आणि तिथल्या बायका पहाटे उठून दुसऱ्यांच्या न्याहाऱ्या रांधतात. पण त्याच बायकांपैकी एखादी संध्याकाळी बागेत आली, तर तिला कुणी कारण विचारत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी त्या शहराने पुष्कळ नाटके मांडली आहेत. ती आम्ही पाहिली आणि विसरलो. लक्षात राहिले ते त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी ठेवलेले. आणि आमच्याकडे ‘पर्यटन विकास’ म्हटले, की पहिला विचार असतो तो येणाऱ्या पाहुण्याचा. लोणारला परदेशी माणूस यावा म्हणून आराखडे होतात. लोणारच्या बाईने संध्याकाळी कुठे बसावे, हे कोणत्या आराखड्यात असते? जिथे गावचाच माणूस टेकत नाही तिथे पाहुणा तरी किती वेळ थांबणार? फोटो काढून तो समृद्धी महामार्गाला लागतो.

मला सांगण्यात येईल, की फिरणे, बसणे, मौज करणे ही आपल्या मातीची रीतच नव्हे. ही कोणती माती? सिंदखेडराजाला जाऊन पाहा. जिथे १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला त्या गावात जाधवांनी वाडा बांधला, तसे तलावही बांधले. आणि चांदणी तलावात तर मधोमध, पाण्यात, इमारत उभी केली. ती कशासाठी? पाणी भरायला मधोमध इमारत लागत नाही. वारा खायला लागते. लढाया, दुष्काळ आणि कज्जे यांतून सवड काढून त्या माणसांनी चांदण्यात बसायची सोय केली होती; आम्ही मात्र १२ जानेवारीला लाखोंनी जातो, घोषणा देतो, आणि तलावाकडे न पाहता परततो. फार कशाला, २०१९ साली एक वाघ यवतमाळच्या टिपेश्वराहून निघून, तेलंगणातून फिरून, पाच-सहा महिन्यांत १,३०० किलोमीटरांवर चाल करून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून हे सर्वांना कळले, आणि सर्वांना कौतुक वाटले. तो का फिरला, यावर विद्वानांनी लेख लिहिले. “उगाच फिरतो मेला,” असे त्याला कुणी म्हणाले नाही. वाघीण असती तर काय म्हणाले असते, ते सांगवत नाही.

आणि माती म्हणावी तर ताराबाई शिंदेही याच मातीच्या, बुलढाण्याच्याच. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. जो दोष पुरुषाला लागत नाही तो बाईलाच का, हा प्रश्न या गावच्या बाईने तेव्हाच विचारून ठेवला आहे. बसण्या-फिरण्याचा हिशेबही त्याच प्रश्नात येतो.

सर्वांत जड आक्षेप मी मागे ठेवला होता. “शेतकरी मरतो आहे, आणि तुम्हांला बागा सुचतात?” हा प्रश्न विचारणाऱ्याला मी हलके लेखत नाही. २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केले, त्यांत आमचा जिल्हा आहे. पॅकेज संपले, फासाच्या बातम्या संपल्या नाहीत. बाकावर बसून कर्ज फिटत नाही, एवढे मलाही कळते. कर्जाचा, भावाचा, पाण्याचा जाब जिथे विचारायचा तिथे विचारलाच पाहिजे. पण घरातला पुरुष असा गेल्यावर मागे कोण राहते? माझ्या माहेरच्या गल्लीत अशी एक मुलगी आहे. मुलगीच म्हणते, चौतीस वर्षांची आहे. दोन एकर कोरडवाहू, दोन लेकरे, सासरा अंथरुणावर. दिवसभर ती लोकांच्या वावरात निंदायला जाते. तिला काम आहे, योजना आहेत, कागद आहेत. तिला नाही ती चिठ्ठी. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. वटपौर्णिमेच्या वडापाशी ती जात नाही. भुलाबाई लग्नाआधीच संपली. ज्या देवाने आमच्या साऱ्याजणींना घराबाहेर पडायचे पास काढून दिले, त्याच्या नावाने हिचाच पास काढून घेतला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग सरकारनेही इतर गावांनी तसेच करावे म्हणून परिपत्रक काढले; चांगलेच झाले. परंतु कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, एवढ्याने तिची संध्याकाळ भरून येत नाही. तिला चारचौघींत, कारण न सांगता, तास-दीड तास बसता येईल अशी एक जागा सबंध गावात नाही. तिच्या नवऱ्यालाही नव्हती. त्याच्यासाठी रात्री दहापर्यंत उघडी असलेली एकच जागा गावात होती, आणि ती कसली, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा.

तेव्हा लोणार की बँकॉक, हा वादच मला मान्य नाही. ज्याला परवडते त्याने खुशाल बँकॉकला जावे, आणि जमले तर हिऱ्यांचे दुकान टाळून जावे. आल्यावर त्याला लाजवू नये. तिथे काय बरे वाटले, ते विचारावे. दहांतले सात जण मंदिरे सांगणार नाहीत. रात्री दहा वाजता बायको-पोरींसह रस्त्याने चाललो, काठीवर भाजलेले केळे घेतले, नदीवर सगळ्यांच्या नावेत सगळ्यांबरोबर उभे राहिलो, असले काहीतरी सांगतील. हे सगळे तेराही तालुक्यांत होऊ शकते. त्याला ना समुद्र लागतो, ना राजा. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक बाग, तिच्यात दिवे, तिच्यात बायकांची सोय, आणि संध्याकाळी आठ वाजता खेड्यांकडे परत नेणारी एक एस.टी.; एवढ्यासाठी अशनी पडावा लागत नाही.

आमच्या एका तालुक्याच्या गावी बाग आहे, नाही असे नाही. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तिला लोखंडी दार आहे. ते सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत उघडे. आत गेले, की उजव्या हाताला निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना रंगवलेल्या आहेत. फुले तोडू नयेत. थुंकू नये. आणि तिसरी: येथे विनाकारण बसू नये. बागेत, विनाकारण बसू नये! कारखान्यातून परतलेल्या त्या बँकॉकच्या बाईला हे भाषांतर करून कसे सांगावे, मला सुचत नाही. मागच्या महिन्यात मी आणि जाऊबाई त्या पाटीखालीच सतरंजी टाकून बसलो. माळी आला. म्हणाला, “काऊन बसल्या, मावशी?” जाऊबाई म्हणाल्या, “उगंच.” तो बिचारा गोंधळला, पाटीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि नळी घेऊन पलीकडच्या वाफ्याला पाणी सोडायला गेला. बागेला पैसे मिळतील तेव्हा मिळोत. ती पाटी चार खिळ्यांवर आहे. उतरवायला एक पकड पुरेल.